मशीन मुंबईत, बिल कुर्डुवाडीत

कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी, बार्शी या पट्ट्यातली बरीच मुलं-मुली सध्या क्लाउड शिकतायत. कुणी पुण्याला क्लास लावलाय, कुणी घरीच मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतंय. चांगली गोष्ट आहे. या शिक्षणाला मोठं ऑफिस लागत नाही, महागडा लॅपटॉप लागत नाही. जुना लॅपटॉप, बरं नेट आणि चिकाटी एवढ्यावर भागतं.

पण यात एक धोका आहे आणि तो क्लासमध्ये घाईघाईत सांगितला जातो. सरावासाठी मशीन सुरू होतं, बंद करायचं राहून जातं, आणि महिनाअखेरीला वडिलांच्या कार्डावर बिल येतं. मग घरात आरडाओरडा होतो, शिकणं थांबतं. ते होऊ नये म्हणून हे लिहितोय. शिकणाऱ्यांनी वाचावं, आई-वडिलांनीही वाचावं.

आधी हे मशीन म्हणजे काय ते समजून घ्या. मोठ्या कंपन्यांनी डेटा सेंटरमध्ये प्रचंड ताकदीचे कॉम्प्युटर ठेवलेत. सॉफ्टवेअरच्या मदतीने एकेका कॉम्प्युटरचे अनेक हिस्से पाडतात. त्यातला एक हिस्सा तुम्हाला भाड्याने मिळतो. तो स्वतंत्र कॉम्प्युटरसारखाच वागतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात, मुलं नुसतं ‘व्हीएम’ म्हणतात. जितका वेळ चालू, तितकं भाडं. या भाड्याच्या सेवेलाच क्लाउड म्हणतात.

ॲमेझॉनने ही सेवा २००६ मध्ये आणली. आपल्या देशात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे केंद्रं सुरू केली. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, गुगल २०१७ मध्ये. म्हणजे तुम्ही घरी बसून मायक्रोसॉफ्टच्या रीजनच्या, म्हणजे केंद्रांच्या ठिकाणांच्या, यादीतलं ‘सेंट्रल इंडिया’ निवडलंत, तर मशीन पुण्यात सुरू होतं. ते दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, घरच्या विजेचा मीटर त्याने फिरत नाही. म्हणूनच ते विसरलं जातं.

हे मशीन चालवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे वेबसाइट उघडून बटणं दाबायची. दुसरी म्हणजे काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची. मी तुम्हाला दुसरी तऱ्हा शिकायला सांगेन. तिला नेट फार कमी लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, कमी रेंजमध्येही ती चालते. वेबसाइटवरची बटणं कंपन्या सारख्या हलवतात, कमांड सहसा वर्षानुवर्षं तशाच राहतात. आणि एकदा जमलेली कमांड वहीत लिहून ठेवता येते, उद्या तशीच वापरता येते, शेजारच्या मुलीलाही देता येते.

लॅपटॉपवर काही बसवायची सोय नसेल तरी अडत नाही. ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट, तिघांकडेही ‘क्लाउड शेल’ आहे. ब्राउझरमध्येच काळी खिडकी उघडते, कमांड चालवायची अवजारं त्यात आधीच असतात. सुरुवात तिथूनच करा. थोडा वेळ काही टाइप केलं नाही की ती आपोआप बंद होते, एवढं ध्यानात ठेवा. बंद होते ती खिडकी. तुम्ही सुरू केलेलं मशीन चालूच राहतं.

एक सूचना. या लेखात कमांड मराठी अक्षरांत लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच करायच्या.

आता मुख्य गोष्ट. कमांड लाइन सांगितलेलं करते. बरेचदा ‘नक्की का?’ असंही विचारत नाही. ॲमेझॉनचं मशीन कायमचं काढून टाकायची कमांड दिलीत, की एंटर दाबताक्षणी काम सुरू होतं.

कुर्डुवाडीत कितीतरी घरांत कुणी ना कुणी रेल्वेत नोकरी केलेलं आहे. त्यांना विचारा. पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नाही. गाडी रोजची असो, घाई कितीही असो. एंटर दाबण्याआधी तुम्हीही तसं थांबा आणि तीन गोष्टींची खात्री करून घ्या. खातं कोणतं, रीजन कोणतं, मशीन कोणतं.

खातं कशासाठी बघायचं? एकाच लॅपटॉपवर स्वतःचं खातं असतं, क्लासचं असतं, कधी मित्राचंही असतं. काल रात्री मित्राचं काम केलं, आज सकाळी स्वतःचं समजून कमांड दिली, असं सहज होतं. ॲमेझॉनकडे ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ लिहिलं, की आत्ता तुम्ही कोणत्या खात्यात आहात ते कळतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूरकडे ‘एझेड अकाउंट शो’, गुगलकडे ‘जीक्लाउड कॉन्फिग लिस्ट’. दोन सेकंदांचं काम आहे. रोज कामाला बसताना पहिली कमांड हीच असू द्या.

रीजनचं प्रकरण जास्त घातक आहे. इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात.

ॲमेझॉनचं एकेक रीजन वेगळं असतं. मुंबईची यादी मागवली तर फक्त मुंबईतली मशीनं दिसतात. बरेचसे इंग्रजी व्हिडिओ अमेरिकेतलं नॉर्थ व्हर्जिनिया रीजन घेऊन शिकवतात. तुम्ही व्हिडिओ बघून तिथेच मशीन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं म्हणून मुंबई निवडली. यादी मागवली, ती रिकामी आली. तुम्हाला वाटलं, चला, सगळं बंद आहे. तिकडे व्हर्जिनियातलं मशीन रात्रंदिवस चालू आहे.

म्हणून एक करा. ज्या ज्या रीजनमध्ये कधीही काही सुरू केलंत, त्याचं नाव तारखेसह वहीत लिहा. आणि सरावासाठी एकच रीजन धरून बसा. मुंबई घेतली तर मुंबईच. व्हिडिओतले सर काहीही निवडोत, तुम्ही तुमचंच निवडा. बहुतेक धडे त्याने अडत नाहीत.

तिसरी गोष्ट, मशीन कोणतं. ॲमेझॉन प्रत्येक मशीनला एक लांबलचक ओळख-क्रमांक देतं. ‘आय’ अक्षर, आडवी रेघ, आणि पुढे १७ आकडे-अक्षरांची माळ. दोन मशीनांच्या माळा शेजारी ठेवल्या तर चटकन फरक कळत नाही. कॉपी करताना वरचीऐवजी खालची उचलली जाते. त्यावर उपाय म्हणजे मशीन सुरू करतानाच त्याला नाव द्या. ‘सराव-लिनक्स’, ‘दुकान-हिशोब’ असं, वाचून कळेल असं. मग यादीत क्रमांकाशेजारी नाव येतं आणि हात थांबतो.

ॲमेझॉनच्या मशीनच्या कमांडना ‘ड्राय-रन’ हा शब्द जोडता येतो. त्याने काम प्रत्यक्ष होत नाही, फक्त तुम्हाला परवानगी आहे का ते तपासलं जातं. उत्तर ‘एरर’ म्हणून येतं, घाबरू नका. त्यातच लिहिलेलं असतं की विनंती मान्य झाली असती. पण हे फक्त परवानगी तपासतं. मशीन बरोबर निवडलंय का, ते तुम्हालाच बघायचंय.

आता बंद करण्याविषयी. इथे जरा सावकाश वाचा, कारण पैसे इथेच जातात.

मशीनमध्ये शिरून काम झालं, ‘एक्झिट’ लिहिलं आणि बाहेर आलात. मशीन बंद झालं का? नाही. तुम्ही फक्त बाहेर आलात. लॅपटॉप मिटला, घरची लाइट गेली, नेटचं रिचार्ज संपलं, तरी मशीन बंद होत नाही. ते बंद करायची वेगळी कमांड असते आणि ती द्यावीच लागते.

अझूरमध्ये आणखी एक खाच आहे. मशीनच्या आत शिरून तुम्ही ते शटडाउन केलंत, तर ते थांबतं, पण भाडं थांबत नाही. कारण तुमच्यासाठीची जागा कंपनीने राखूनच ठेवलेली असते. ‘एझेड व्हीएम स्टॉप’ या कमांडचंही तसंच आहे. नाव स्टॉप आहे, भाडं चालू आहे. भाडं थांबवायचं तर ‘एझेड व्हीएम डीअलोकेट’ लिहावं लागतं. नंतर यादीत मशीनसमोर ‘डीअलोकेटेड’ आलं की खात्री पटली. नुसतं ‘स्टॉप्ड’ दिसलं तर अजून भाडं लागतंय. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ॲमेझॉनकडे ‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ असे दोन प्रकार आहेत. स्टॉप केलं की मशीनचं भाडं थांबतं आणि उद्या ते पुन्हा सुरू करता येतं. टर्मिनेट केलं की ते गेलं. सहसा त्याच्या मुख्य डिस्कवरचं सगळंही जातं. परत मिळत नाही. गुगलकडे मात्र नुसत्या थांबवलेल्या मशीनसमोरही ‘टर्मिनेटेड’ लिहून येतं आणि ते पुन्हा सुरू होतं. म्हणजे एका कंपनीची सवय दुसरीकडे वापरायला गेलात तर घात होतो. नव्या कंपनीचं खातं उघडलंत, की पहिल्या दिवशी एक रिकामं मशीन घ्या. ते सुरू करा, थांबवा, पुन्हा सुरू करा, काढून टाका. दरवेळी यादीत काय लिहून येतं ते बघा. कामाचं मशीन हाताशी येण्याआधी हे झालेलं बरं.

मशीन थांबवलं तरी सगळं थांबत नाही, हेही माहीत असू द्या. डिस्कचं भाडं चालू राहतं, कारण तुमच्या फायली तिथेच पडून असतात. मशीनसाठी राखून ठेवलेल्या इंटरनेटवरच्या पत्त्याचंही, म्हणजे आयपी पत्त्याचंही, भाडं असतं. ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावतं. रक्कम किरकोळ वाटते. पण ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास होतात. म्हणजे एका पत्त्याचे जवळजवळ पावणेचार डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. असे तीन पत्ते विसरलात तर महिन्याचं मोबाइल रिचार्ज त्यात गेलं.

मशीन काढून टाकलं तरी मागे काही उरतं. अझूरमध्ये नुसतं मशीन काढलं तर त्याची डिस्क आणि आयपी पत्ता बहुधा तिथेच राहतात. भाडं देत बसायचं आणि उपयोग काही नाही. म्हणून अझूरमध्ये प्रत्येक धड्यासाठी वेगळा ‘रिसोर्स ग्रुप’, म्हणजे त्या धड्याच्या सगळ्या गोष्टींचा एक गट, करा. धडा संपला की ‘एझेड ग्रुप डिलीट’ करून तो पूर्ण ग्रुपच काढून टाका. कमांड ‘नक्की का?’ विचारेल. नाव पुन्हा वाचा, मग हो म्हणा. काही व्हिडिओंत शेवटी ‘येस’ जोडलेलं दिसेल, म्हणजे तो प्रश्नच येऊ नये. तसं तुम्ही करू नका. तो प्रश्न तुमच्या भल्यासाठी आहे.

विसराळूपणावर एक चांगला उपाय अझूरमध्ये आहे. रोज ठरलेल्या वेळी मशीन आपोआप बंद होईल असं सांगून ठेवता येतं. कमांडचं नाव ‘एझेड व्हीएम ऑटो-शटडाउन’. त्यात वेळ लिहायची ती मात्र आपली नव्हे, आंतरराष्ट्रीय वेळ, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री १० ला बंद व्हायला हवं असेल तर १६३० लिहा. २२०० लिहिलंत तर मशीन पहाटे साडेतीनला बंद होईल. ॲमेझॉन आणि गुगलकडेही वेळ लावून ठेवायची सोय आहे, तिथे थोडी जास्त खटपट आहे. ती जमेपर्यंत मोबाइलमध्ये रोज रात्रीचा गजर लावा.

आता ‘फुकट’ या शब्दाबद्दल, आणि हे आई-वडिलांनी नीट वाचावं.

नव्या माणसाला या कंपन्या काही रकमेचा वापर फुकट देतात. गुगल ९० दिवसांसाठी ३०० डॉलरचा देतं. अझूर ३० दिवसांसाठी २०० डॉलरचा. ॲमेझॉनच्या जुन्या व्हिडिओंत ‘वर्षभर महिन्याला ७५० तास फुकट’ असं सांगतात. १५ जुलै २०२५ पासून उघडलेल्या नव्या खात्यांना ते लागू नाही. त्यांना २०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट मिळतं, आणि फुकट योजना सहा महिन्यांनी किंवा क्रेडिट संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, संपते.

या फुकट मुदतीत सहसा कार्डावरून पैसे जात नाहीत. ‘अपग्रेड’ दाबलं की मात्र पुढच्या वापराचं बिल लागू होतं. तेव्हा घरात एक नियम करा. अपग्रेडचं बटण विचारल्याशिवाय कुणी दाबायचं नाही. विचारलं तर रागवायचं नाही. किती लागेल, कशासाठी, किती दिवस, एवढं बसून बोलायचं.

मुलगा-मुलगी कॉलेजात असेल आणि कॉलेजचा ईमेल असेल, तर ‘अझूर फॉर स्टुडंट्स’ बघा. वर्षाला १०० डॉलरचा वापर मिळतो आणि कार्ड द्यावंच लागत नाही. वय १८ पूर्ण हवं. शिकण्यासाठी मला हाच रस्ता सगळ्यात निर्धास्त वाटतो. जे कार्ड दिलेलंच नाही, त्यावर बिल कसं येणार?

कार्ड द्यावंच लागलं तर बँकेचे मेसेज वाचत जा. दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणार असतील तर बँकेने किमान २४ तास आधी कळवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे तो आधीचा मेसेज हीच तुमची थांबवायची संधी. तो जाहिरात समजून पुसू नका.

तिन्ही कंपन्यांकडे ‘बजेट अलर्ट’ लावता येतो. दोनशे रुपयांचा लावा. खर्च तिथे पोचला की ईमेल येतो. हा ईमेल मुलाच्या पत्त्यावर जाऊ द्या, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाच्या पत्त्यावरही. एवढं मात्र समजून असा की अलर्ट फक्त सांगतो, थांबवत काही नाही. ईमेल आल्यावर उठून मशीन बंद करायचं काम तुमचंच.

आता चावी. मशीनमध्ये शिरायला एक ‘की फाइल’ मिळते. ॲमेझॉन ती एकदाच डाउनलोड करू देतं. हरवली की पुन्हा मिळत नाही. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा आणि पेनड्राइव्ह घरात ठेवा. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर, माझं लॉगिन होत नाही, बघा ना’ म्हणून ती फाइल टाकू नका. सर भले असतील, पण ग्रुपमध्ये सगळेच असतात.

दुसरी चावी याहून धोक्याची. कमांड लाइनला तुमच्या खात्यात काम करू द्यायला ॲमेझॉन ‘ॲक्सेस की’ देतं. ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर’ लिहून ती भरली की ती लॅपटॉपवर साध्या फाइलमध्ये, वाचता येईल अशी साठते. नेट कॅफेतल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर हे कधीही करू नका. तिथे क्लाउड शेल वापरा, आणि उठताना लॉगआउट करा. आणि खात्याचं जे मुख्य, म्हणजे ‘रूट’ लॉगिन आहे, त्याची ॲक्सेस की बनवूच नका. त्या लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा कोड लावून ठेवा. रोजच्या कामाला कमी अधिकारांचा वेगळा यूजर करा.

ही ॲक्सेस की प्रोजेक्टच्या फायलींत लिहिली जाते, आणि प्रोजेक्ट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना दिसेल असा टाकला जातो. नोकरीसाठी दाखवायचा असतो ना! पण अशा चाव्या शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. काही मिनिटांत चावी त्यांच्या हाती लागते. मग तुमच्या खात्यावर लांबच्या रीजनमध्ये महागडी मशीनं सुरू होतात, त्यांवर कुणीतरी क्रिप्टोचं काम करतं, आणि बिल तुमच्या नावावर. नंतर ती ओळ पुसून उपयोग नाही. गिटहब जुन्या नोंदीही जपून ठेवतं. चावी गेली असा नुसता संशय आला तरी आधी ती चावीच रद्द करा. फाइल नंतर साफ करा.

मशीनचं दार कुणासाठी उघडं आहे तेही बघा. २२ नंबरचा पोर्ट हा शिरायचा रस्ता. घाईत तो ‘सगळ्या जगाला’ उघडा ठेवला जातो. फक्त तुमच्या नेटच्या पत्त्याला ठेवा. मोबाइलचं नेट असेल तर तो पत्ता बदलत राहतो, मग पुन्हा लिहावा लागतो. कंटाळा येतो खरा, पण करा.

आपल्याकडे लाइट जाते, रेंज जाते. दौंडकडे जाताना गाडीत काम करत असाल तर जातेच. मशीनमध्ये एखादं मोठं काम चालू असताना कनेक्शन तुटलं, तर ते कामही अर्धवट मरतं. त्यासाठी ‘टीमक्स’ नावाचं छोटं अवजार शिका. आत शिरल्यावर आधी ‘टीमक्स’ लिहायचं, मग काम सुरू करायचं. कनेक्शन तुटलं तरी काम तिकडे चालू राहतं. पुन्हा शिरून ‘टीमक्स अटॅच’ लिहिलं, की जिथे होतं तिथे सापडतं. तासाभरात शिकून होतं.

दुकानदार मंडळींशी थोडं बोलायचंय. खताचं दुकान, हार्डवेअर, डाळिंबाची आडत, कुणाचंही असेल. बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर टाकून द्यायचं काम भाच्याने किंवा ओळखीच्या मुलाने केलेलं असतं. मनापासून केलेलं असतं. पुढे तो नोकरीला बंगळूरला जातो. खातं त्याच्या ईमेलवर, कार्ड तुमचं, चावी त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. एक दिवस सॉफ्टवेअर उघडत नाही आणि फोन लागत नाही.

तो इथे असतानाच चार गोष्टी करून घ्या. खातं दुकानाच्या ईमेलवर करा. कोणत्या कंपनीचं, कोणतं रीजन, मशीनचं नाव काय, की फाइल कुठे आहे, हे कागदावर लिहून घ्या आणि कागद हिशोबाच्या वह्यांबरोबर ठेवा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. मशीनला ‘डिलीट होऊ नये’ अशी आडकाठी लावून घ्या. ती तिन्ही कंपन्यांकडे लावता येते, आणि चुकून दिलेली काढून टाकायची कमांड तिथे अडते. आणि हिशोबाची एक प्रत दर आठवड्याला दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरेल असं करून घ्या. भाच्याला यात अविश्वास वाटणार नाही. समजूतदार असेल तर तोच म्हणेल, मामा, हे आधीच करायला हवं होतं.

आणि कुणाचा फोन आला, की तुमच्या क्लाउडचं बिल थकलंय, ओटीपी सांगा, नाहीतर सर्व्हर बंद होईल, तर फोन ठेवा. खऱ्या बिलाची नोंद खात्यात दिसते, ती स्वतः उघडून बघा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

इतकं करूनही एखाद्याला मोठं बिल आलंच, तर काय करायचं?

आई-वडिलांनो, आधी मुलाला जवळ बसवा. भीतीपोटी लपवलेलं बिल पुढच्या महिन्यात दुप्पट होऊन येतं. रागवायचं ते नंतर.

मग सगळी रीजन एकेक करून बघा आणि चालू असलेलं सगळं बंद करा. चाव्या रद्द करा, पासवर्ड बदला. त्यानंतर खात्यातूनच कंपनीच्या बिलिंग सपोर्टला लिहा. बिलाविषयी विचारायला वेगळे पैसे पडत नाहीत. साध्या इंग्रजीत खरं तेच लिहा. विद्यार्थी आहे, सराव करत होतो, मशीन चालू राहिलं, आता बंद केलंय, पुढे अमुक काळजी घेतोय. पहिल्यांदा झालेल्या चुकीला कंपन्यांनी सूट दिल्याची उदाहरणं आहेत. तो तुमचा हक्क नाही, त्यांची मर्जी आहे, म्हणून भाषा नम्र ठेवा. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या.

नुसतं कार्ड ब्लॉक करून गप्प बसू नका. त्याने बाकी फिटत नाही, आणि मशीन चालूच असेल तर ती वाढत राहते.

खर्चाचे आकडे उशिरा दिसतात, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. तेव्हा सगळं बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बिलाचं पान पुन्हा उघडा. आकडा वाढलेला असेल तर कुठल्या रीजनमध्ये, कुठल्या नावाखाली वाढला ते तिथेच लिहिलेलं असतं. ते शोधून बंद करा, आणि तिसऱ्या दिवशी परत एकदा बघा.